केसपेपरावरची एक ओळ

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातील केसपेपरावर माझ्या डाव्या मनगटाच्या अस्थिभंगाचे कारण म्हणून ‘न्हाणीघरात पाय घसरून पडल्या’ एवढीच ओळ लिहिलेली होती, आणि ती ओळ माझ्या तोंडची नव्हती. सासूबाईंनी ती सांगितली, डॉक्टरांनी मान वर न करता ती उतरवून घेतली, आणि ज्यांच्या हातून ते मनगट मोडले ते माझे यजमान शेजारी उभे राहून माझ्या पाठीवरून हात फिरवीत होते. पुढे प्रकरण न्यायालयात गेले तेव्हा प्रतिपक्षाच्या वकिलांनी हीच ओळ मोठ्याने वाचून दाखविली. हाड केव्हाच सांधले होते; ओळ मात्र जशीच्या तशी होती.

मधल्या काळात बैठका पुष्कळ झाल्या. दिल्या घरी सुखी राहण्याचा उपदेश करणारी वडीलधारी मंडळी दुष्ट नव्हती, परंतु घराची अब्रू राखणे म्हणजे घरातल्या बाईचे रक्षण करणे असा त्यांचा प्रामाणिक समज होता, आणि त्या समजुतीतूनच मुद्रांकावर एक कागद झाला: उभयतांनी यापुढे गुण्यागोविंदाने नांदावे. मारहाणीचा उल्लेख त्यात कोठेही नव्हता. खाली सात-आठ सह्या होत्या, त्यांत माझीही होती.

म्हणून ज्या भगिनींवर हा प्रसंग गुदरला आहे त्यांना माझे पहिले सांगणे असे, की दवाखान्यात गेल्यावर डॉक्टरांशी एकटीने बोलण्याची मागणी करावी, कोणी मारले आणि कशाने मारले हे स्वतःच्या तोंडाने सांगावे, पोलिसांकडे कळविण्याजोगी वैद्यकीय नोंद करावयास लावावी आणि तिची प्रत मागून घ्यावी. एकटीने बोलणे शक्य झाले नाही तरी धीर सोडू नये. मी जिच्याकडे गेले त्या कार्यकर्तीने आमचा तो समजुतीचा कागदसुद्धा अर्जाला जोडण्यास सांगितले. अमुक तारखेला दोन्ही घरची माणसे कोणत्या तरी तक्रारीपायी जमली होती, एवढे तरी त्यातून शाबीत होते, असे तिचे म्हणणे पडले. बहिणीला पाठविलेला संदेश, शेजारणीने ऐकलेला आरडाओरडा, जखमेचे छायाचित्र, यांपैकी काहीही क्षुल्लक समजू नये.

२००५ साली संमत झालेला आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून अंमलात आलेला कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा कायदा केवळ मारहाणीपुरता नाही. शिवीगाळ, अपमान, लैंगिक जबरदस्ती, घरखर्चाला पैसे न देणे, स्त्रीधन परस्पर विकणे, हे सारे त्यात हिंसाच गणले आहे. आणि त्याचा आश्रय पत्नीलाच नव्हे, तर घरातील आईला, बहिणीला, विधवा जावेला, तसेच लग्नाविना संसार करणाऱ्या स्त्रीलाही घेता येतो.

या कायद्यातील मला सर्वांत मोलाची वाटणारी तरतूद घराविषयीची आहे. ‘निघ माझ्या घरातून’ ही धमकी मी इतक्यांदा ऐकली होती की ते घर त्यांचे आहे हे मी मनोमन मान्यच करून टाकले होते. सातबारा सासऱ्यांच्या नावे, घरपट्टी सासऱ्यांच्या नावे, मग माझा हक्क तो कसला? वस्तुतः ज्या सामाईक घरात स्त्री नांदली त्या घरात राहण्याचा तिचा हक्क मालकीच्या कागदावर अवलंबून नाही, आणि ते घर सासूसासऱ्यांच्या मालकीचे आहे एवढ्याच कारणाने तो नाकारता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केले आहे. प्रसंगी मारणाऱ्या पुरुषालाच घराबाहेर राहण्याचा हुकूम दंडाधिकारी देऊ शकतात.

दाद मागण्यासाठी जिल्ह्यात व तालुक्यात महिला व बालविकास खात्याचे संरक्षण अधिकारी असतात. ते कौटुंबिक घटना अहवाल भरून घेतात आणि दंडाधिकाऱ्यांपुढे अर्ज दाखल करण्यास साहाय्य करतात. १९८४ साली टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांच्या सहकार्याने सुरू केलेला महिला व बालकांसाठीचा विशेष साहाय्य कक्ष आता महाराष्ट्रात अनेक ठिकाणी आहे. निवारा, वैद्यकीय मदत आणि कायद्याचा सल्ला एकाच छपराखाली देणारी सखी केंद्रे आहेत. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रीला वकील विनामूल्य मिळतो, तिची मिळकत कितीही असो. माहेरी आश्रय घेतला असेल तर अर्ज माहेरच्या न्यायालयातही करता येतो; सासरच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत. कायद्यात पहिली तारीख तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत अपेक्षिला असला तरी प्रत्यक्षात विलंब होतो, म्हणून अंतरिम हुकुमाची मागणी पहिल्याच अर्जात करून ठेवावी. याशिवाय पती किंवा त्याच्या नातेवाइकांकडून होणाऱ्या क्रूरतेबद्दल फौजदारी फिर्याद निराळी करता येते. पूर्वीचे ४९८अ कलम १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत कलम ८५ झाले आहे.

बाहेर पडण्याचा निर्णय झाला असेल तर तो भांडणाच्या भरात बोलून दाखवू नये, कारण बाई हातची जाते असे दिसले की मारणारा अधिकच चवताळतो. मी नेसत्या वस्त्रानिशी निघाले ती अशाच एका रात्री. आधार कार्ड, शिधापत्रिका, बँकेचे पुस्तक, मुलांचे जन्मदाखले, लग्नाचा पुरावा आणि दागिन्यांच्या पावत्या विश्वासाच्या घरी आधीच पोहोचवाव्यात. आपला मोबाइल कोणी तपासत असल्यास फोन दुसऱ्याच्या यंत्रावरून करावा. जीव धोक्यात असेल तर ११२, सल्ल्यासाठी व मदतीसाठी १८१. शेजाऱ्यांनाही सांगावेसे वाटते, की हिंसेची खबर संरक्षण अधिकाऱ्याला कोणीही देऊ शकतो, आणि सद्भावनेने दिलेल्या खबरेबद्दल त्याच्यावर कोणतीही कायदेशीर जबाबदारी येत नाही.

संरक्षणाचा हुकूम झाला की त्याची प्रत विनामूल्य मिळते व पोलीस ठाण्यातही जाते; ती कपाटात न ठेवता हाताशी ठेवावी. हुकूम मोडून तो पुन्हा दारात आला तर तो दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा होतो, त्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात, आणि तो गुन्हा घडला असे ठरविण्यास न्यायालयाला त्या स्त्रीची एकटीची साक्षही पुरेशी मानता येते.