दुरून पाहण्याचा पाठ : हनीफारूचे मांटा मासे

(इयत्ता ६ वी व ७ वी, भूगोल आणि सामान्य विज्ञान यांचा संयुक्त पाठ)

उद्देश : मोसमी वारे आणि सागरी जीव यांचा संबंध विद्यार्थ्यांस कळावा, तसेच वन्य प्राणी पाहताना पाळावयाचा संयम त्यांच्या अंगी बाणावा.

साधने : आशियाचा नकाशा, परात, पाणी, ओली माती, लाकडाचा भुसा, खडू, चार मीटर लांबीची दोरी.

विषयप्रवेश : पावसाळी वारे कोणत्या दिशेने येतात, असे विचारून पाठास प्रारंभ करावा. शेतकऱ्याच्या मुलास हे उत्तर सांगावे लागत नाही. नंतर नकाशात भारताच्या नैर्ऋत्येस असलेली मालदीव बेटे दाखवावीत. जे नैर्ऋत्य मोसमी वारे महाराष्ट्रात पाऊस आणतात, त्यांच्याच ऋतूत, म्हणजे मे ते नोव्हेंबर या काळात, तेथील 'बा' नामक कंकणाकृती प्रवाळद्वीपात मांटा मासे अन्नासाठी जमतात.

विवेचन : या ऋतूत समुद्राचा प्रवाह पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो आणि बेटांच्या पूर्वेस प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे अतिसूक्ष्म जीव, वाढतात. हनीफारू हा पूर्वेकडील एक लहानसा उपसागर नरसाळ्याच्या आकाराचा आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाणाच्या भरतीबरोबर प्लवक आत लोटले जातात व प्रवाळाच्या भिंतींमुळे तेथेच अडकतात.

मांटा हा पाकटाचा भाऊबंद. कोकणातील मुलांस पाकटाच्या शेपटीवरील विषारी काट्याची भीती ठाऊक असते. मांट्यास तसा काटा नसतो, हे त्यांस आवर्जून सांगावे. येथे येणाऱ्या जातीच्या पंखांचा विस्तार सामान्यतः तीन ते चार मीटर असतो. तोंड उघडे ठेवून पोहताना तो कल्ल्यांतील गाळणीने प्लवक गाळून घेतो. कधी कधी शंभरांहून अधिक मांटा एकत्र येतात आणि एकामागून एक वर्तुळाकार फिरत चरतात. प्रत्येकाच्या पोटावरील ठिपक्यांची रचना वेगळी असते. आपल्या अंगठ्याच्या ठशाप्रमाणे तीवरून तो ओळखता येतो.

मांट्याची मादी सुमारे एक वर्ष गर्भ वाहते आणि बहुधा एकाच पिलास जन्म देते. काही देशांत कल्ल्यांच्या विक्रीसाठी या माशांची हत्या होते. ज्या जातीची वाढ इतकी मंद, तिची हानी लवकर भरून येत नाही.

हनीफारूची कीर्ती पसरली, तशी नौकांची व पाणबुड्यांची गर्दी वाढली. म्हणून मालदीव शासनाने २००९ मध्ये हे स्थळ संरक्षित केले. २०११ मध्ये युनेस्कोने 'बा' यास जीवावरण राखीव क्षेत्राचा दर्जा दिला. २०१२ पासून हवेची टाकी घेऊन बुडी मारण्यास तेथे मनाई आहे. डोळ्यांवर काचेचा मुखवटा व तोंडात श्वासनळी धरून पृष्ठभागावर तरंगावे, एवढीच मुभा आहे. पाहणाऱ्यांची संख्या आणि वेळ यांवर मर्यादा असून रक्षक देखरेख करतात. माशास स्पर्श करू नये, त्याची वाट अडवू नये, किमान तीन मीटर दूर राहावे; तो आपण होऊन जवळ आला, तर स्थिर राहावे.

कृती : (१) परातीत मातीची नालाकृती भिंत करून पाणी घालावे, त्यावर भुसा टाकावा आणि हाताने पाणी हळूहळू आत लोटावे. भुसा कोठे साचतो, ते मुलांनीच सांगावे. (२) दोरीने मापून मांट्याची आकृती अंगणात खडूने काढावी. एका विद्यार्थ्याने मांटा होऊन चालावे. इतरांनी तीन मीटर अंतर राखून, वाट न अडविता, त्यास पाहावे. गलका झाल्यास शिक्षकांनी रागावू नये. अंतर राखणे किती कठीण असते, हे त्यातूनच कळते.

उपयोजन : आपल्या विद्यार्थ्यांपुढे मांटा नसला तरी झाडावरचे घरटे असते. पक्षीण पिलांकडे येण्यास कचरू लागली, की पाहणाऱ्याने मागे सरावे, हा नियम मुलांकडूनच काढून घ्यावा.

गृहपाठ : गावातील एका पक्ष्याचे वा प्राण्याचे आठ दिवस दुरून निरीक्षण करून पाच वाक्ये लिहावीत. त्यास हात लावून लिहिलेली माहिती, ती खरी असली तरी, स्वीकारू नये.