खंडित वीजप्रवाहाची पुनर्जोडणी

दिवे गेले, म्हणजे कोठे तरी काही तुटले किंवा जळले असावे आणि ते दुरुस्त होईपर्यंत अंधारात बसणे भाग आहे, अशी सामान्य माणसाची समजूत असते. उघड्यावरून जाणाऱ्या तारांच्या बाबतीत ती बहुतांशी खरी नाही. अशा तारमार्गांवरील दर दहा दोषांपैकी सात ते नऊ दोष क्षणिक स्वरूपाचे असतात. त्यांत काहीही मोडलेले नसते. म्हणून दुरुस्त करण्यासारखेही काही नसते.

चेन्नईच्या नैर्ऋत्येस, वंडलूर–वालाजाबाद रस्त्यावरील ओरगडमचे उदाहरण घेऊ. कांचीपुरम जिल्ह्यातील हा परिसर मोटारउद्योगासाठी ओळखला जातो. २०१० मध्ये रेनो आणि निसान या कंपन्यांचा संयुक्त कारखाना येथे सुरू झाला आणि त्यानंतर इतरही मोठे कारखाने आले. अशा परिसरात सायंकाळी गडगडाटी पाऊस आला आणि आकाशातील वीज तारमार्गावर कोसळली, असे समजू. तारेचा दाब एकाएकी इतका वाढतो, की तार आणि लोखंडी आधार यांना अलग ठेवणाऱ्या चिनी मातीच्या इन्सुलेटरभोवतीची हवा फुटते आणि तेथे विद्युत् प्रज्योत पेटते. आकाशातील वीज सेकंदाच्या अत्यल्प भागात नाहीशी होते. परंतु तिने पाडलेल्या तप्त वाटेने तारेतला प्रवाह जमिनीकडे धावतच राहतो. झाडाची ओली फांदी क्षणभर तारांना टेकली किंवा एखाद्या पक्ष्याच्या पंखांनी दोन तारा जोडल्या, तरी असेच घडते.

या प्रज्योतीवर उपाय एकच: तिला पोसणारा प्रवाह काही काळ थांबविणे. रिले नावाचे उपकरण वाढलेला प्रवाह ओळखते व खंडकाला आज्ञा देते. खंडक आपले संपर्क विलग करतो. इन्सुलेटरजवळची हवा निवते आणि पुन्हा वीजरोधक बनते. यासाठी लागणारा काळ दाबावर अवलंबून असतो. १३२ किलोव्होल्टच्या तारमार्गास सुमारे पाव सेकंद पुरतो. ४०० किलोव्होल्टच्या मार्गास त्याहून अधिक वेळ द्यावा लागतो. प्रवाह बंद ठेवण्याच्या या अवधीस मृतकाल म्हणतात. मृतकाल संपताच खंडक आपोआप मिटतो. दोष क्षणिक असेल, तर घरातील दिवा एकदा मिचकावतो, इतकेच.

मोठ्या पारेषण मार्गांवर ही घाई आणखी एका कारणासाठी आवश्यक असते. दोन टोकांची वीजकेंद्रे एकाच तालात फिरत असतात. त्यांना जोडणारा मार्ग फार वेळ तुटला, तर तो ताल बिघडतो. १९३७ मध्ये फिलिप स्पोर्न व डी. सी. प्रिन्स या अमेरिकन अभियंत्यांनी अतिशीघ्र पुनर्जोडणीवरील आपला निबंध मांडला, तो याच प्रश्नाच्या संदर्भात. भारतातील ४०० किलोव्होल्टच्या मार्गांवर सामान्यतः तीन तारांपैकी दोषी तारच सुमारे एक सेकंद तोडली जाते. उरलेल्या दोन तारा दोन्ही टोकांना जोडून ठेवतात.

गावांकडे व वसाहतींकडे जाणाऱ्या वितरण मार्गांवरील व्यवस्था निराळी असते. तेथे खांबावर बसविलेल्या पुनर्जोडकाला, म्हणजे लाइनमनच्या भाषेतील रिक्लोजरला, मोजून तीन-चार संधी दिलेल्या असतात. पहिल्या एक-दोन वेळा तो इतक्या त्वरेने उघडतो, की शाखेवरील फ्यूज वितळण्यास अवधीच मिळत नाही. दोष क्षणिक असल्यास फ्यूज शाबूत राहतो. दोष कायम असल्यास पुढच्या खेपेस पुनर्जोडक मुद्दाम विलंब लावतो. तेवढ्यात दोषी शाखेचा फ्यूज वितळतो आणि बाकीच्या गावांचा पुरवठा सुरू राहतो. दोष मुख्य मार्गावरच असेल, तर अखेरच्या संधीनंतर पुनर्जोडक स्वतःस कुलूप घालून घेतो आणि मनुष्याची वाट पाहतो.

थांबण्याचा हा गुण जोडण्याच्या गुणाइतकाच महत्त्वाचा आहे. १२ डिसेंबर २०१६ रोजी वर्दा चक्रीवादळ चेन्नईवर धडकले, तेव्हा हजारो वीजखांब कोसळले. आडव्या झालेल्या खांबावरील तारेत पुनःपुन्हा प्रवाह सोडल्याने काही साधत नाही. उलट रोहित्रांवर व खंडकांवर प्रचंड प्रवाहाचा आघात होतो आणि जवळच्या माणसांच्या जिवाला धोका पोहोचतो. जमिनीखालील केबलचे दोषही बहुधा कायमचेच असतात. म्हणून निव्वळ केबलच्या मार्गावर पुनर्जोडणी सहसा वापरीत नाहीत. तारेवर कामगार काम करीत असताना तर ती आधी बंद करावीच लागते.

या विवेकाची किंमत ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याला कळली. ७ फेब्रुवारी २००९ रोजी तेथील वणव्यांत १७३ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांतील सर्वांत घातक वणवा तुटलेल्या वीजवाहक तारेमुळे लागला होता. चौकशी आयोगाने शिफारस केली, की आगीच्या सर्वाधिक धोक्याच्या सहा आठवड्यांत एकतारी ग्रामीण मार्गांवरील पुनर्जोडणी बंद ठेवावी. काही घरे जास्त वेळ अंधारात राहिली तरी चालेल, परंतु कोरड्या गवतावर दुसरी ठिणगी पडू नये, असा त्याचा अर्थ होता.

कारखान्यांचा हिशेब आणखी वेगळा असतो. घरातील दिवा मिचकावून सावरतो. परंतु कारखान्यातील यंत्रांचे विद्युत्‌चुंबकीय खटके दाब निम्म्याच्या आसपास उतरताच सुटू शकतात आणि चालू साखळी थबकते. म्हणून ओरगडमसारख्या औद्योगिक परिसरात त्वरित पुनर्जोडणीने सर्व प्रश्न मिटत नाही. तारांलगतच्या फांद्या वेळेवर छाटणे, इन्सुलेटर स्वच्छ ठेवणे आणि दोष मुळातच कमी होऊ देणे, ही जुनी कामे तेथे अधिकच मोलाची ठरतात.

सामान्य नागरिकाने यातून एक गोष्ट मात्र कायम ध्यानात ठेवावी. रस्त्यावर पडलेली तार निर्जीव दिसली, तरी ती मृतकालात असू शकते. शिवाय कोरड्या जमिनीवर पडलेल्या तारेतून इतका थोडा प्रवाह वाहतो, की कित्येकदा रिलेला दोषाचा सुगावाच लागत नाही. अशा तारेपासून दूर राहावे, इतरांनाही दूर ठेवावे आणि वीजमंडळाच्या माणसांनी ती मृत असल्याची खात्री करून देईपर्यंत तिला जिवंतच समजावे.