परत फिरायची जागा आधी ठरव

ग्रँड जंक्शन, कोलोरॅडो

चि. अनिकेत यास,


तुझी एक्सेल शीट मिळाली. सहा माणसं, दोन गाड्या, प्रत्येक रात्रीचा मुक्काम, कोण तंबू आणणार, कोण शेगडी आणणार, खर्चाची वाटणी, सगळं नीट मांडलं आहेस. वाचून बरं वाटलं. पण शुक्रवारी सॉल्ट लेक सिटीहून निघायचं, तीन रात्रींत कॅनियनलँड्सच्या मेझ भागातलं डॉल हाउस गाठून परतायचं आणि सोमवारी दुपारी ऑफिसच्या मीटिंगला बसायचं, हा बेत काही माझ्या गळी उतरत नाही. शीटमध्ये सगळे रकाने आहेत, फक्त गडबड झाली तर कुठून परत फिरायचं हा रकाना नाही. मेझमध्ये तोच पहिला लागतो.

कॅनियनलँड्सला राष्ट्रीय उद्यान होऊन बरीच वर्षं झाली (१९६४ साली झालं), तरी त्याची घडण अजून माणसाला वळसे घालायला लावते. ग्रीन आणि कोलोरॅडो या नद्या उद्यानाच्या मध्यावर मिळतात आणि जमिनीचे तीन तुकडे करतात: आयलंड इन द स्काय, नीडल्स आणि मेझ. उद्यानात या नद्यांवर पूल नाही. नकाशावर बोटभर दिसणारं अंतर गाडीनं कापायला दोन ते सहा तास जातात. तू पाहिलेला मेसा आर्च आयलंड इन द स्कायमधला. तिथे डांबरी रस्ता थेट नेऊन सोडतो. त्या अनुभवावरून मेझचा अंदाज बांधू नकोस. फोनमधल्या नकाशावरही विसंबू नकोस, या भागात तो भलत्याच वाटेला लावतो. छापील नकाशा घे आणि सहाही जणांनी तो एकदा टेबलावर पसरून बघा.

आता रस्ता. तुम्ही प्राइसवरून खाली याल आणि आय-७० ला लागाल. तिथून थोडं उलटं पडलं तरी आधी ग्रीन रिव्हर गावात जाऊन टाकी काठोकाठ भरा, शिवाय एकेक पेट्रोलचा कॅन घ्या. मग पश्चिमेला येऊन हायवे २४ वर दक्षिणेकडे वळायचं. गॉब्लिन व्हॅलीचा फाटा मागे पडला की लगेच डावीकडे कच्चा रस्ता फुटतो. तो ४६ मैल गेला की हान्स फ्लॅटची रेंजर चौकी येते. कोरड्या दिवसांत इथपर्यंत साधी गाडीही येते, म्हणून माणसाला उगीच धीर येतो. चौकीवर पेट्रोल नाही, खाणं नाही, प्यायचं पाणीही नाही. खरा रस्ता तिथून सुरू होतो, आणि मेझच्या दऱ्यांपर्यंत पोचायला आणखी तीन ते सहा तास लागतात.

तुमच्यातल्या समीरच्या गाडीबद्दल स्पष्टच लिहिते. ती ऑल-व्हील ड्राइव्ह आहे, आणि तिथे ते पुरत नाही. उंच पोटाची, लो-रेंज गियर असलेली फोर-बाय-फोरच हवी, तसा उद्यानाचा नियम आहे. लो-रेंजमध्ये इंजिन गाडीला धरून ठेवतं, चाकं सावकाश फिरतात आणि उतारावर ब्रेक तापत नाहीत. समीरला वाईट वाटेल, पण गाडी भाड्यानं घ्या. भाड्याच्या करारात कच्च्या रस्त्याची आणि मुद्दाम मेझची परवानगी आहे का ते सही करण्याआधी वाचा. स्टेपनी पूर्ण मापाची हवी, ती छोटी तात्पुरती चालणार नाही. जॅक, फावडं, ओढायचा पट्टा आणि हवा भरायचा पंप दोन्ही गाड्यांत वेगवेगळा ठेवा. तिथून टोचन करून गाडी बाहेर काढायची तर बिल सहज हजार डॉलरच्या वर जातं, आणि ती ओढणारी गाडी येईपर्यंत एक दिवसही जातो.

हान्स फ्लॅटच्या पुढे फ्लिंट ट्रेल लागतो. हा कड्याच्या अंगावरून उतरणारा चिकणमातीचा घाट आहे. वळणं इतकी आवळलेली की लांब गाडी एका झटक्यात वळत नाही, पुढे-मागे करत वळवावी लागते. समोरून कोणी आलं तर बाजूला व्हायला जागा मोजकीच. म्हणून माथ्यावर गाडी थांबव, इंजिन बंद कर, कठड्याशी जाऊन खाली बघ आणि कान दे. कोणी चढत असेल तर त्याला आधी येऊ दे. टायरची हवा तिथेच कमी कर, पस्तीसची वीस-बावीसवर आण. मग लो-रेंजचा पहिला गियर टाक आणि ब्रेकवर पाय रोवून बसू नकोस. एका जणानं खाली उतरून पुढे चालायचं, आणि वळणावर त्यानं गाडीकडे तोंड करून हातानं खुणा करायच्या. त्याची नजर तुझ्या तोंडाकडे नाही, तर मागच्या चाकावर आणि गाडीच्या पोटाखालच्या दगडावर हवी. खुणा चारच: ये, थांब, डावीकडे, उजवीकडे. त्या घरीच ठरवा. ‘जरासं, जरासं’ असं ओरडणारा माणूस तिथे उपयोगाचा नाही. आपल्या आंबेनळी घाटात मोठा झालेला ड्रायव्हरही इथे पहिल्या वळणाला घाम पुसतो, कारण तिथे निदान डांबर असतं.

या घाटाची खरी गोम पावसात आहे. चिकणमाती भिजली की तिथे चाक धरत नाही. उतरलेली गाडी मग खालीच राहते, माती सुकेपर्यंत. थंडीत बर्फामुळे हा घाट बहुधा बंदच असतो. तुम्ही निवडलेला ऑक्टोबर चांगला महिना आहे, पण त्यातही एखादं वादळ येतंच. म्हणून तुझ्या शीटमधली सगळ्यात धोक्याची गोष्ट मला ती सोमवारची मीटिंग वाटते. मीटिंग गाठायची म्हणून माणूस ओल्या घाटात गाडी घालतो.

मुक्कामाचा परवानाही असाच माणसाला पुढे रेटतो. मुक्कामाच्या जागा रात्रीगणिक नेमून मिळतात. शनिवारी डॉल हाउस लिहिलं असेल तर अंधार पडला, टायर फाटला, कोणाला मळमळतंय, तरी ‘पोचायलाच हवं’ असं डोक्यात बसतं. परवान्यात रात्री सढळ ठेवल्या की ही घाई निम्म्यानं कमी होते. म्हणून माझा सल्ला ऐक. गुरुवारी निघा आणि मंगळवारपर्यंत रजा टाका. पहिली रात्र घाटाच्या वरच्या पठारावर, ऑरेंज क्लिफ्सच्या एखाद्या नेमलेल्या जागी काढा. तो भाग ग्लेन कॅनियनच्या हद्दीत येतो, पण त्याचे परवाने कॅनियनलँड्सकडूनच मिळतात. दुसऱ्या दिवशी सकाळी ताज्या डोळ्यांनी घाट उतरा. दोन रात्री मेझ ओव्हरलुकला राहा. चौथ्या दिवशी पुन्हा घाट चढून वर या आणि शेवटची रात्र पठारावर काढा. मधे पाऊस आला तर खर्ची टाकायला एक दिवस शिल्लक राहतो.

डॉल हाउस या खेपेला सोड. टीपॉट कॅनियनच्या पुढचा रस्ता या सगळ्यात वाईट आहे. तिथे दगडांच्या पायऱ्यांवरून एकेक चाक उचलून ठेवावं लागतं, लांब गाड्या घासतात. मेझ ओव्हरलुकला जायला तो भाग लागत नाही, आणि तिथून चॉकलेट ड्रॉप्सचे सुळके समोर दिसतात. पाय शिवशिवत असतील तर तिथून खाली दरीत उतरायची वाट आहे. पण ती मळलेली पायवाट नाही, काही ठिकाणी खडकाला हात लावून उतरावं लागतं आणि पाठपिशव्या दोरानं खाली सोडाव्या लागतात. पंचवीस फूट दोर जवळ ठेवा. दरीत ‘हार्वेस्ट सीन’ नावाची प्राचीन भित्तिचित्रं आहेत. त्यांना हात लावायचा नाही, बोटांचं तेल रंगाला लागतं.

पाण्याचा हिशेब तुझ्या शीटमध्ये ‘पुरेसं’ असा आहे. ‘पुरेसं’ हा आकडा नव्हे. माणशी रोज चार लिटर ही किमान गरज. सहा माणसं, पाच दिवस आणि एक राखीव दिवस धरला की १४४ लिटर होतं. स्वयंपाकाचं वर धरून १७० घ्या आणि दोन्ही गाड्यांत निम्मं-निम्मं ठेवा, एखादा कॅन फुटला तरी सगळं जात नाही. आपल्या जेवणाला पाणी फार लागतं: तांदूळ धुवा, डाळ धुवा, कुकर लावा, मग भांडी घासा. तो थाट घरी. थालीपिठं करून न्या, खाकरे, चटण्या, मेतकूट न्या. एक वेळ गरम हवं तर उपम्याचं भाजलेलं तयार पीठ न्या. ताटल्या आधी कागदानं पुसा, मग चमचाभर पाण्यात फिरवा.

शौचाचं लाजत लिहीत नाही. मेझमधल्या मुक्कामांवर संडास नाहीत. पोर्टेबल टॉयलेट किंवा त्यासाठी मिळणाऱ्या खास पिशव्या बरोबर नेणं बंधनकारक आहे, आणि भरलेलं सगळं बाहेर आणायचं. ती जबाबदारी आधीच कोणाच्या तरी नावावर लिही, नाहीतर परतीच्या दिवशी सगळे आकाशाकडे बघतात. प्रियाचा कुत्रा घरी ठेवा. तिथल्या कच्च्या रस्त्यांवर तो गाडीत बसलेलाही चालत नाही. ड्रोनलाही मनाई आहे. लाकडाच्या शेकोटीची आशा धरू नका, गरम कपडे जास्त घ्या.

रस्ता सोडून चाक बाहेर घालायचं नाही, समोरून गाडी आली तरी. रस्त्याकडेची काळपट, खडबडीत माती नीट वाकून बघ. ती जिवंत आहे. सूक्ष्म जिवाणू, शेवाळं आणि दगडफुलं मिळून वाळूचे कण बांधून ठेवतात आणि तेच पुढे रोपट्यांना आधार देतात. एकदा चाक गेलं की तो पापुद्रा पुन्हा धरायला कित्येक वर्षं लागतात. चालतानाही खडकावरून किंवा कोरड्या ओढ्याच्या वाळूतून चाल. मात्र त्याच ओढ्यात बसून राहू नका, पाऊस दूर कुठे पडला तरी पाणी तिथूनच येतं.

माणसांचंही ठरव. ‘परत फिरू’ म्हणायचा हक्क सहाही जणांना सारखा हवा, आणि कोणी म्हटलं की वाद घालायचा नाही. मागे बसलेल्या माणसाला भीती वाटते तेव्हा तो बहुतेक वेळा गप्प बसतो, कारण पुढच्याचा उत्साह मोडवत नाही. ही बोलणी निघण्याआधी चहावर करा. शीटमध्ये तीन ओळी वाढव. हान्स फ्लॅटला रेंजर नको म्हणाले तर वरच राहायचं. घाटाच्या माथ्यावर दुपारचे दोन वाजून गेले असतील तर त्या दिवशी उतरायचं नाही, आणि उतरायचा दिवस टळला तर पुढच्या मुक्कामांचं काय ते रेंजरना विचारूनच ठरवायचं. खाली असताना पश्चिमेला ढग दाटले तर मुक्काम अर्धा टाकून वर यायचं. तिथल्या तिथे ठरवायला गेलात तर हुरूप जिंकतो.

आणि ॲरन राल्स्टनची गोष्ट तुला ठाऊक आहेच, रहमानचं संगीत असलेला सिनेमा तू दोनदा पाहिलास. एप्रिल २००३ मध्ये तो ब्लूजॉन कॅनियनमध्ये दगडाखाली अडकला ते हान्स फ्लॅटच्या कच्च्या रस्त्याच्या परिसरात. त्याची गाडी हॉर्सशू कॅनियनच्या वाहनतळावर उभी होती. तो तगडा होता, अनुभवी होता, फक्त कुठे जातोय हे त्यानं कोणाला सांगितलं नव्हतं. सिनेमात हात कापण्याचा प्रसंग लोकांच्या लक्षात राहतो. तू त्यानं न ठेवलेला निरोप लक्षात ठेव.

मेझमध्ये मोबाइल लागत नाही. उपग्रहावरून निरोप धाडणारं छोटं यंत्र भाड्यानं मिळतं, ते घ्या आणि दोघांना तरी वापरता येऊ द्या. दोन्ही गाड्यांचे नंबर, रंग, मुक्कामांची क्रमवार नावं आणि परवान्याची प्रत मला पाठव. परतीची वेळ राखीव दिवस धरून मंगळवार संध्याकाळी सात अशी लिही. ग्रीन रिव्हरला पेट्रोल भरताना मला फोन करायचा. सात वाजून गेले आणि फोन आला नाही, तर मी वाट बघत बसणार नाही, रेंजरना कळवून मोकळी होईन. मग तुम्ही कुठेतरी बर्गर खात बसलेले निघालात तरी चालेल, माफी तू मागायचीस.

सुधारलेली शीट रविवारपर्यंत पाठव. ओव्हरलुकच्या जागा शिल्लक नसतील तर तारीख बदला, बेत ताणू नका. दादा-वहिनींना मी काय ते सांगते, त्यांची काळजी माझ्यावर सोड.

तुझी,
आत्या