बांधाची पाहणी

कोळशाच्या खाणीचे नाव काढले की आपल्या डोळ्यांपुढे काळोखी भुयारे, दिवे घेतलेले कामगार आणि कोळशाने भरलेल्या गाड्या उभ्या राहतात. परंतु मुलांनो, खाणीच्या परिसरात आणखी एक गोष्ट असते व तिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. ती म्हणजे मातीचा बांध. आपल्या वर्धा नदीच्या खोऱ्यात, चंद्रपूर-वणीकडे, नदीकाठी उघड्या खाणी आहेत. पुराचे पाणी खाणीत शिरू नये म्हणून तेथे असे बांध घालतात. काही देशांत कोळसा धुतलेले काळे पाणी साठविण्यासाठीही बांध घालतात.

बांध दिसावयास निश्चल. पण पाणी त्याच्याशी रात्रंदिवस झुंजत असते. म्हणून ठरल्या दिवशी, आणि मोठा पाऊस झाल्यावर तर अवश्य, त्याची पाहणी करावी लागते. ही पाहणी पायी चालूनच करावयाची असते.

पाहणी करणारा प्रथम माथ्यावरून चालतो. माथा कोठे खचला आहे काय, भेगा पडल्या आहेत काय, हे तो पाहतो. पाण्याची पातळी आणि माथा यांच्यामध्ये पुरेशी उंची मोकळी असली पाहिजे. कारण मातीच्या बांधावरून पाणी वाहू लागले, की ते माती धुऊन नेते आणि पाहता पाहता खिंडार पडते. जादा पाणी जाण्यासाठी जेथे सांडवा असतो, तेथे तो गाळाने वा झुडपांनी बुजला नाही ना, हेही तो पाहतो. मग तो उतारावर येतो. घुशींची बिळे आणि झाडांची मुळे क्षुल्लक दिसतात. पण त्यांतून पाण्याला वाट मिळते.

खरी परीक्षा पायथ्याशी होते. थोडा पाझर बहुतेक मातीच्या बांधांना असतोच. तो स्वच्छ आणि नेहमीइतका असेल, तर फारशी चिंता नसते. परंतु पाझर गढूळ झाला, तर समजावे की पाणी बांधाच्या पोटातील माती घेऊन चालले आहे. म्हणून भांडे लावून पाझर मोजतात आणि नोंदवहीत लिहितात. आजचा आकडा एकटा मुका असतो. मागील आकड्यांशेजारी ठेवला की तो बोलू लागतो.

अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया राज्यात बफेलो क्रीक नावाचे खोरे आहे. तेथे एका खाणीने टाकाऊ दगड, माती व कोळशाचा चुरा यांचा बांध रचला होता. त्याच्या पायाखाली जुन्या तळ्याचा गाळ होता व त्याला पुरेसा सांडवा नव्हता. 1972 च्या फेब्रुवारीत तेथे पाहणी झाली आणि बांध समाधानकारक ठरला. त्यानंतर पाऊस लागला. 25 तारखेच्या रात्री पाणी चढत असल्याचे खाणीच्या अधिकाऱ्यांना दिसत होते. तरी खोऱ्यातील लोकांना रीतसर इशारा दिला गेला नाही. 26 फेब्रुवारीस सकाळी आठच्या सुमारास बांध फुटला. सुमारे 50 कोटी लिटर काळे पाणी खोऱ्यातून धावले. 125 माणसे मरण पावली आणि 4,000 हून अधिक बेघर झाली. अनुकूल शेरा मिळून तेव्हा चारच दिवस झाले होते! त्याच वर्षी अमेरिकेने देशातील धरणांच्या तपासणीचा कायदा केला.

कायदा आवश्यक आहेच; पण तो भेग पाहू शकत नाही. भेग पाहतात ते डोळे, आणि ती निर्भयपणे नोंदवितो तो हात. बांधाखाली राहणाऱ्या माणसांना पाहणी करणाऱ्याचे नावही ठाऊक नसते. त्यांची निर्धास्त झोप मात्र त्याच्याच नोंदीवर अवलंबून असते.

अभ्यास

1. गढूळ पाझर धोक्याचा का मानतात?
2. ‘आजचा आकडा एकटा मुका असतो’ या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
3. तुमच्या गावाजवळचा एखादा बांध वडीलधाऱ्यांसोबत पाहा व त्याचे दहा ओळींत वर्णन लिहा.