क्रमवार लेखन आणि ड्रायव्हरची तपासणी

चुंबकीय डिस्कवर माहिती वर्तुळाकार मार्गिकांत लिहिली जाते. छपरावरील कौलांप्रमाणे मार्गिका एकमेकींवर थोड्या चढविल्या, तर तेवढ्याच जागेत अधिक माहिती मावते. परंतु मधलीच मार्गिका पुन्हा लिहू गेल्यास शेजारचा मजकूर नष्ट होतो. म्हणून अशा डिस्कचे विभाग, म्हणजेच झोन, पाडतात. त्यांचा आकार पुष्कळदा २५६ मेबीबाइट असतो. बहुतेक झोनांत आरंभापासून क्रमानेच लिहावे लागते. पुढील लेखन कोठे व्हावे हे लेखनसूचक ठरवितो. जुनी जागा पुन्हा वापरावयाची, तर संपूर्ण झोन रिकामा करावा लागतो.

संगणकाच्या कार्यप्रणालीचा गाभा म्हणजे कर्नेल, आणि त्याचा उपकरणाशी बोलणारा भाग म्हणजे ड्रायव्हर. लिनक्स कर्नेलमध्ये झोनयुक्त डिस्कची सोय २०१७ साली ४.१० या आवृत्तीत झाली. ड्रायव्हरमधील प्रत्येक बदल स्वीकारण्यापूर्वी इतर जाणकार तो वाचून पाहतात. या वाचनात दोन प्रश्न मुख्य होत.

पहिला प्रश्न क्रमाचा. एकाच झोनसाठी निघालेल्या दोन लेखनांपैकी मागचे आधी पोहोचले, तर ते लेखनसूचकाशी जुळत नाही आणि डिस्क ते नाकारते. यास्तव एका झोनमध्ये एका वेळी एकच लेखन सोडण्याची पद्धत पडली. ही जबाबदारी प्रथम डिस्कच्या ड्रायव्हरकडे होती. २०१८ मध्ये ती मागण्यांचा क्रम लावणाऱ्या भागाकडे गेली आणि २०२४ च्या ६.१० या आवृत्तीत ड्रायव्हरच्या वरच्या सामाईक थराकडे आली. म्हणून क्रम कोण राखतो, हे तपासनिसाने आवृत्तीनुसार पाहावे.

दुसरा प्रश्न अपयशाचा. लेखन अर्धवट थांबले, तर लेखनसूचक नेमका कोठे आहे हे कर्नेलच्या नोंदीवरून सांगता येत नाही; ते डिस्कलाच विचारावे लागते. जो कोड न विचारता जुन्याच नोंदीवर विसंबतो, त्याची पुढील लेखने एकामागून एक नाकारली जातात. ते अपयश वरच्या थरास कळविले नाही, तर सुरक्षित समजलेली माहिती प्रत्यक्षात कोठेच लिहिलेली नसते.

असे दोष सुरळीत चाललेल्या चाचणीत दिसत नाहीत. २०१८ पासून कर्नेलमधील एका कृत्रिम ड्रायव्हरच्या साहाय्याने खऱ्या डिस्कवाचूनही झोनांचे अनुकरण करता येते. तरीही यशाच्या वाटेइतकीच अपयशाची वाट ओळीओळीने वाचणे, हेच तपासनिसाचे मुख्य कार्य होय.