सगळ्या कार्डांना 248 देऊ नका

गावच्या यात्रेतल्या नाटकांच्या व्हीएचएस कॅसेटी मी टीव्ही ट्यूनर कार्डाने संगणकावर उतरवून घेत होतो. डिस्कच्या कंट्रोलर कार्डाचं काम वाढलं की चित्रात आडव्या, फाटक्या पट्ट्या येत. दुरुस्तीवाल्याने बायॉसमध्ये पीसीआय लेटन्सी टायमर 32 चा 248 केला. पट्ट्या वाढल्या. अशी कॅसेट प्रत्येक वेळी चालवली की थोडी झिजते, म्हणून हा सल्ला अजून कोणी देताना दिसला की मला राहवत नाही.

साध्या पीसीआयची बस सेकंदाला कमाल 133 मेगाबाइट वाहते. 720 बाय 576 चं, सेकंदाला 25 चौकटींचं कच्चं चित्र 21 मेगाबाइटच्या आत बसतं. डिस्ककडे जाताना पुन्हा तेवढंच. म्हणजे बस भरलेली नव्हती. ट्यूनरला तिची पाळी वेळेवर मिळत नव्हती.

टायमरचा आकडा म्हणजे बसचे ठोके. 33 मेगाहर्ट्‌झला एक ठोका 30 नॅनोसेकंदांचा. कार्डाने बस धरली की मोजणी सुरू होते. दुसऱ्याने मागणी केली तरी आकडा संपेपर्यंत ते बस धरून ठेवू शकतं. मागणारं कोणी नसेल, तर संपल्यावरही पुढे चालू. कालव्याच्या पाणीपाळीसारखंच आहे हे: वरच्यांचे तास वाढले की टेलच्या शेताला उशीर.

तुमचं कार्ड किती ताटकळणार हे इतरांच्या आकड्यांवर ठरतं, स्वतःच्या नव्हे. 248 म्हणजे जवळपास साडेसात मायक्रोसेकंद. पुढे अशी तीन कार्डं असली, तर बावीस. तेवढ्यात ट्यूनरकडे सहाशेच्या आसपास बाइट येऊन पडतात, आणि त्याच्या पोटात जागाच काही शे बाइटांची. उतू गेलं ते चित्रातून गेलं.

म्हणून आधी बस अडवणाऱ्या कार्डाचा आकडा उतरवा. माझ्याकडे डिस्कचं कार्ड परत 32 वर आणि, आपल्या पाळीत जास्त उपसता यावं म्हणून, ट्यूनर 64 वर ठेवल्यावर चित्र स्वच्छ आलं. फार खालीही जाऊ नका. सुरुवातीच्या तयारीत समजा 8 ठोके गेले, तर 32 पैकी 24 उरतात, म्हणजे 96 बाइट; 16 ठेवले तर निम्मी पाळी तयारीतच संपते. एका वेळी एकच कार्ड बदला आणि बिनमहत्त्वाच्या कॅसेटवर तपासा, जपायच्या कॅसेटवर नको.

लिनक्सवर एलएसपीसीआय ही आज्ञा टायमरचा आकडा दशमान दाखवते, पण तो बदलणारी सेटपीसीआय षोडशमान घेते. तिथे 64 लिहिलं की कार्डाला 100 मिळतात. 64 हवे असतील तर 40 लिहा. यंत्र बंद करून चालू केलं की बदल पुसला जातो. पीसीआय एक्स्प्रेसच्या कार्डांना हा टायमर लागूच नाही. तिथे तो शून्य दिसतो, आणि तसाच राहू द्यायचा.