परसातली मिरची : बी उगवण्याचा धडा

वाचन : मार्क 4:26-29



या दाखल्यातला मनुष्य बी टाकून झोपतो, उठतो. ते कसे वाढते हे त्याला कळत नाही. वस्तीवर मिरचीचे बी पेरायला शिकवताना मला तो आठवतो. मेथी तीन-चार दिवसांत वर येते, मिरची मात्र आठ ते बारा दिवस मातीत गप्प असते. पाचव्या दिवशी कोणीतरी बोटाने उकरून पाहतेच, आणि कोंब मोडतो.

भोकरदन तालुका मिरचीचा. तरी मी जाते त्या भिल्ल वस्तीवर तिखट पुडीनेच विकत येते. दसरा-दिवाळीच्या सुमारास बरीच घरे ऊसतोडीला निघतात. जुलैच्या सुरुवातीला रोप लागले तर सप्टेंबरात हिरवी मिरची मिळते आणि निघण्याआधी थोडी लाल मिरची वाळवून सोबत नेता येते. बी उगवलेच नाही आणि दुबार टाकावे लागले, तर मिरची लाल व्हायच्या आत घराला कुलूप लागते.

म्हणून मेच्या पहिल्या पंधरवड्यात बी तपासायचे. 20 बिया मोजून ओल्या सुती फडक्यात गुंडाळायच्या, डब्यात ठेवायच्या, रोज पाणी शिंपडायचे. फडके ओलसर हवे, निथळते नको. बारा दिवसांत 14-15 बियांना मोड आले तर बी चांगले. दहाच आले तर दाट पेरा. पाच-सहाच आले तर दुसरे बी शोधा, अजून वेळ आहे.

पेरणी मेअखेर, भोके पाडलेल्या जुन्या डब्यात किंवा टोपलीत. निम्मी माती, निम्मे चांगले कुजलेले शेणखत. बी अर्धा सेंटिमीटर खोल, त्याहून खोल नको. मिरचीला 25 ते 30 अंश ऊब मानवते. आपल्याकडे मेमध्ये ती कमी पडत नाही, उलट जास्तच होते. म्हणून डबा सावलीत ठेवून वर ओले पोते टाकावे. पहिला कोंब दिसला की पोते त्याच दिवशी काढावे, नाहीतर रोपे पिवळी, लांबट होतात. पाणी बेताने, सकाळी. जास्त पाण्याने रोप बुडाशी कुजून कोलमडते. पाच-सहा आठवड्यांनी रोप परसात लावावे.

जालना बियाण्यांचे गाव. बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 साली महिको इथेच सुरू केली. संकरित पुडीतले बी जोमदार असते, पण त्याच्या फळातले बी पुढच्या वर्षी एकसारखे येत नाही. घरी बी धरायचे तर पुसा ज्वाला किंवा फुले ज्योती अशी सरळ जात घ्यावी. पुडीतल्या रंगीत बियांना औषध चोळलेले असते. त्या मुलांच्या हाती देऊ नयेत, उरल्या तर खाण्यात घालू नयेत. घरचे बी काढल्यावरही हात धुतल्याशिवाय डोळे चोळू नका. हे मी दरवर्षी सांगते, आणि दरवर्षी कोणीतरी रडतेच!

आपल्या परसात सरळ जातीची मिरची असेल तर झाडावरच पूर्ण लाल झालेल्या, निरोगी फळांचे बी सावलीत वाळवा. कागदात बांधून वर जात, महिना आणि वर्ष लिहा, आणि एप्रिलअखेरपर्यंत आमच्याकडे पोहोचवा. दोन वर्षांपेक्षा जुने बी नको.